डोहाळे कुणाचे, पथ्य कुणाचे?

मराठीत बाळंतपणाच्या वाटेवरील बाईच्या खाण्याविषयी दोन शब्द विशेष रुळलेले आहेत. एक डोहाळे आणि दुसरा पथ्य. डोहाळे बाईला लागतात, पथ्य तिला सांगितले जाते. पहिल्यात तिला काय हवे याची चौकशी असते, दुसऱ्यात तिने काय टाळावे याची आज्ञा असते. एरवी या दोहोंत वैर असण्याचे कारण नाही. प्रकृती नाजूक असेल तर पथ्य पाळावेच लागते आणि ते तिच्याच हिताचे असते. परंतु पथ्याचा एक प्रकार असा आहे की ज्यात पाळणारीचे हित हा विषयच नसतो. मुलगा व्हावा किंवा मुलगीच व्हावी म्हणून दिवस राहण्याच्या आधीपासून पाळायचा कडक आहार, तो हा प्रकार. डॉक्टरांनी आणि कायद्याच्या जाणकारांनी त्याविषयी लिहिले आहे. साहित्याच्या अभ्यासकांनीही त्याकडे पाहावे असे आम्हांला वाटते, कारण या आहाराची जी यादी बाईच्या हाती पडते तीही एक संहिताच असते, आणि ती कोणी, कोणाला उद्देशून, कोणत्या वचनात रचली आहे हे पाहणे हे आपले कामच आहे.

हा उद्योग केवळ आपल्याकडच्या जुन्या पिढीचा आहे असे मानणे सोयीचे असले तरी खरे नाही. फ्रान्समध्ये जोसेफ स्टोलकोव्स्की या संशोधकाने आईच्या आहारातील क्षारांचा अपत्याच्या लिंगाशी संबंध जोडला आणि १९८०च्या दशकात त्यावर बेतलेली आहारपुस्तके पाश्चात्त्य देशांत खपू लागली. मुलगा हवा असेल तर सोडियम आणि पोटॅशियम वाढवायचे. म्हणजे मीठ, बटाटे, केळी, मांस खायचे आणि दूध, दही, चीज वर्ज्य करायचे. मुलगी हवी असेल तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वाढवायचे; म्हणजे दूधदुभते भरपूर घ्यायचे आणि जेवण अळणी ठेवायचे. हे काही आठवडे, एकही दिवस न चुकता करायचे. तिकडे पुष्कळ जणी हा आहार मुलीसाठी पाळतात, हा आपल्याकडच्यापेक्षा वेगळा भाग. पण मुलीच्या आशेने खाल्लेले अळणी जेवण काही कमी अळणी लागत नाही.

या पथ्याचा जाच कशात आहे हे नीट समजून घेतले पाहिजे. ते आजाऱ्याच्या पथ्यासारखे उघडपणे करता येत नाही. चारचौघांत जेवायला बसल्यावर ताक का नको, भाजीत मीठ का नको, याचे खरे उत्तर देता येत नाही. मग पित्ताचे किंवा रक्तदाबाचे निमित्त सांगावे लागते. एखाद्या दिवशी चुकून घोटभर चहा दुधाचा घेतला गेला तर सगळे मुसळ केरात गेले अशी टोचणी लागते. महिन्यामागून महिने दिवस राहिले नाहीत तर तेच पुन्हा पहिल्यापासून. भूक, तहान, चव या रोजच्या साध्या गोष्टी परीक्षेचे प्रश्न होऊन बसतात. आणि हे घडते ते नेमके अशा काळात, की ज्या काळात तिने चौरस खावे आणि फॉलिक आम्ल सुरू करावे असे वैद्यक सांगते.

इतके सोसून हाती काय लागते? मूल मुलगा होणार की मुलगी, हे पुरुषाच्या शुक्राणूत एक्स गुणसूत्र आहे की वाय यावर ठरते, आणि गुणसूत्रे व लिंग यांचा हा संबंध नेटी स्टीव्हन्स आणि एडमंड विल्सन यांनी १९०५ सालीच दाखवून दिला होता. रक्तातील सोडियम आणि कॅल्शियम यांचे प्रमाण तर शरीर स्वतःच फार अरुंद मर्यादांत राखत असते. २००८ साली ब्रिटनमधील ७४० प्रथमगर्भा स्त्रियांच्या पाहणीवरून एक निबंध प्रसिद्ध झाला. गर्भधारणेच्या सुमारास ज्यांच्या आहारात उष्मांक सर्वाधिक होते त्या गटात ५६ टक्के मुलगे आणि सर्वांत कमी होते त्या गटात ४५ टक्के मुलगे झाले, असे त्यात म्हटले होते. सकाळच्या न्याहारीतील धान्याच्या पोह्यांचे नावही त्यात होते. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. दुसऱ्याच वर्षी त्याच नियतकालिकात संख्याशास्त्रज्ञांनी आक्षेप नोंदवला, की सव्वाशेहून अधिक पदार्थ तपासले तर एखादा पदार्थ निव्वळ योगायोगानेच जुळून येणार. पहिली बातमी अनेकांच्या स्मरणात राहिली, आक्षेप फारसा कोणाच्या कानी गेला नाही.

आता या संहितेची बांधणी पाहा. कोणतेही पथ्य सांगा, सांगणाऱ्याचे भाकीत साधारण निम्म्या वेळा खरे होणारच. ज्यांना हवे ते मूल झाले त्या इतरांना सांगतात आणि पथ्याची कीर्ती वाढते. ज्यांना झाले नाही त्यांच्यासाठी उत्तर आधीच तयार असते: पथ्यात कुठेतरी कसूर झाली. आपल्या व्रतांच्या कहाण्या वाचणाऱ्यांना ही रचना ओळखीची वाटेल. कहाणीत संकट आले की त्याचे मूळ वसा टाकण्यात किंवा उष्टावण्यात सापडते. वसा सांगणाऱ्याकडे दोष कधी जात नाही. फरक इतकाच, की कहाणीतील देव शेवटी प्रसन्न होतो आणि गेलेले परत देतो. इथे मात्र जन्माला आलेले मूल हेच चुकीचे उत्तर ठरते. त्या मुलाच्या किंवा मुलीच्या वाट्याला आयुष्याच्या पहिल्याच दिवशी जे येते, त्याचा विचार पथ्य लिहिणारा करीत नाही.

'हे सगळे आपल्या शास्त्रांतच आहे' असे सांगणारेही भेटतात, तेव्हा शास्त्रे उघडून पाहणे बरे. सम रात्री पुत्र आणि विषम रात्री कन्या हा हिशेब मनुस्मृतीत आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात पुंसवनाचा विधी आहे आणि त्यातले वडाचे कोंब दह्याबरोबर स्त्रीनेच घ्यायचे आहेत. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याहून प्राचीन असलेल्या बृहदारण्यकोपनिषदाच्या सहाव्या अध्यायात अपत्यप्राप्तीसाठी जे भात सांगितले आहेत ते संस्कृतच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावेत. दूधभात, दहीभात, तिळाचा भात अशी ती यादी आहे, आणि तिळाचा भात सांगितला आहे तो पंडिता कन्या व्हावी म्हणून. कन्येसाठी, आणि तीही विदुषी व्हावी म्हणून, अन्न शिजवण्याची इच्छा त्या ग्रंथात निःसंकोच नोंदवलेली आहे. पुढे शंकराचार्यांच्या भाष्यात तिचे पांडित्य घरकामापुरते मर्यादित झाले, ही गोष्ट निराळी.

आमचे लक्ष त्याहूनही एका व्याकरणाच्या बाबीने वेधून घेतले. या प्रत्येक भाताच्या संदर्भात खाण्याचे क्रियापद द्विवचनी आहे. तो भात दोघांनी खायचा आहे, पतीने आणि पत्नीने. त्यातला गुण आज कोणी मानू नये, पण जबाबदारीची वाटणी मात्र पाहावी. रघुवंशातही संतानासाठी नंदिनी धेनूची सेवा करीत, रानातल्या कंदमुळांवर राहून व्रत पाळतो तो स्वतः राजा दिलीप. आधुनिक आहारपुस्तकात द्विवचन संपले आणि एकवचन उरले. ज्याच्या शुक्राणूवर सारे अवलंबून आहे तो मनसोक्त जेवतो आणि जिच्या हाती काही नाही ती मीठ मोजते.

महाराष्ट्रात हा विषय केवळ ग्रंथचर्चेचा राहत नाही. १९८८ साली गर्भलिंगनिदानावर कायदा करणारे हे पहिले राज्य; केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१च्या जनगणनेत ९१३ होती ती २०११च्या जनगणनेत ८९४ झाली, आणि बीड जिल्ह्यात तर ८०७. २००३ पासून अमलात असलेल्या दुरुस्तीने कायद्याची व्याप्ती गर्भधारणेपूर्वीच्या निवडीपर्यंत नेली. विशिष्ट लिंगाचा गर्भ राहण्याची शक्यता वाढावी या हेतूने काहीही देणे किंवा सुचवणे त्या व्याख्येत येते. याच देशात, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा देशात बाईच्या ताटातून आणखी काही काढून घेण्याआधी दहा वेळा विचार व्हायला हवा.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो टाळणे बरे नाही. गर्भपातापेक्षा पथ्य बरे नाही का? त्यात कोणाचा जीव जात नाही. दोन मुलगे असलेल्या आईला मुलगीची हौस वाटली तर बिघडले कुठे? हौस वाटण्यात काहीच बिघडत नाही. पण आपल्याकडे सासरी तिसऱ्या वेळी पथ्य पाळणारी स्त्री हौसेने पाळते की भयाने, हे कोण विचारणार? 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ साली रंगमंचावर आले तेव्हापासून तो प्रश्न आपण ऐकत आलो आहोत. शिवाय जिथे पथ्य फसते तिथे पुढची पायरी कोणती, हे वरचे आकडेच सांगतात.

मात्र ती पाळणाऱ्या बाईला अडाणी म्हणून मोडीत काढणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. जिच्यावर ज्याचा दोष येणार आहे, त्या गोष्टीवर आपला थोडा तरी ताबा असावा असे तिला वाटणे अगदी मानवी आहे. पथ्य तिला ताबा देत नाही, ताब्याचा आभास देते. पण ज्या घरात आभासाखेरीज दुसरे काही मिळत नाही तिथे तोही मोलाचा वाटतो. तेव्हा हे पथ्य सुसह्य कसे करावे याच्या युक्त्या तिला सांगण्यापेक्षा, ते सोडून देण्याची मोकळीक तिला कशी मिळेल हे पाहिले पाहिजे. ती मोकळीक एकट्या बाईने मिळवायची वस्तू नाही. नवऱ्याने सर्वांसमक्ष 'हे ठरते ते माझ्याकडून' एवढे एक वाक्य उच्चारले तरी निम्मे ओझे उतरेल.

आणि अध्यापकांनी काय करावे? रघुवंशाचा तिसरा सर्ग शिकवताना तिथे थोडे थांबावे. सुदक्षिणेला माती खावीशी वाटते आणि ती लाजून काही सांगत नाही, तेव्हा राजा तिच्या सख्यांना पुन्हा पुन्हा विचारतो, की हिला कशाची इच्छा आहे. उत्तररामचरितातही सीतेला पुन्हा अरण्य पाहावेसे वाटते आणि तो डोहाळा पुरवण्याची तयारी होते. त्याच निमित्ताने तिचा त्याग घडतो, म्हणून तो प्रसंग अधिकच जिव्हारी लागतो. ही दोन्ही घरे पुत्राची वाट पाहणारीच होती. तरीही तिथे बाईच्या इच्छेची चौकशी हा राजधर्माचा भाग होता. आपल्या डोहाळजेवणात मात्र झाकल्या वाट्यांतून पेढा निघतो की बर्फी याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, आणि तिला त्यातले काय आवडते हे विचारायचे राहून जाते.

ते विचारावे. तिने जे सांगितले असेल ते, मिठासकट आणि दह्यासकट, तिच्या पानात वाढावे.