वाऱ्याची मालकी कोणाची?

दिल्लीच्या दक्षिणेस यमुनेकाठी पसरलेल्या फरीदाबाद जिल्ह्यात कारखान्यांच्या भिंतींना शेतांचे बांध भिडलेले आहेत. राष्ट्रीय जलविद्युत महामंडळाचे मुख्यालय याच शहरात आहे. राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्थाही येथेच आहे. परंतु याच जिल्ह्यातील बल्लभगड-तिगावच्या शिवारात शेतीपंपाला वीज मिळते ती ठराविक तासांपुरतीच. अशा शेतकऱ्याला आता नवा उपदेश केला जात आहे: सरकारी विजेची वाट पाहू नकोस, बांधावर छोटी पवनचक्की उभार आणि स्वावलंबी हो!

या उपदेशाची प्रथम विज्ञानाच्या कसोटीवर परीक्षा झाली पाहिजे. वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की ऊर्जा एक-अष्टमांश उरते. ३ मीटर व्यासाच्या चक्रावर सेकंदाला ४ मीटर वेगाचा वारा वाहिला, तर हाती येते जेमतेम ८० वॅट वीज. ५ अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे ३,७०० वॅट लागतात. म्हणजे एका पंपासाठी अशी चाळीसहून अधिक यंत्रे! पवनऊर्जेसाठी अनुकूल मानल्या गेलेल्या आठ राज्यांत हरियाणाचे नाव नाही, ते काही उगीच नव्हे.

ऋतुमानही या प्रचाराच्या विरुद्ध साक्ष देते. गव्हाला पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, पहिले पाणी द्यावे लागते. तो काळ नोव्हेंबर-डिसेंबरचा. याच दिवसांत वारा पडतो आणि दिल्ली-फरीदाबादवर धुराचे दाट आवरण साचून राहते. ज्या वाऱ्याला धूर हटवता येत नाही, तो विहिरीचे पाणी कसा उपसणार? महाराष्ट्रातही वाऱ्याचा खरा जोर पावसाळ्यात असतो. पंपाची निकड भासते ती रब्बीत आणि उन्हाळ्यात.

मग हा उपदेश कोणाच्या हिताचा? यंत्र विकणाऱ्याचा नफा निश्चित, कर्ज मात्र अल्पभूधारकाच्या माथी. कुळाने व बटाईदाराने दुसऱ्याच्या बांधावर मनोरा कसा उभारावा, याचे उत्तर कोणी देत नाही. सिंचनाची जबाबदारी राज्यसंस्थेच्या खांद्यावरून उतरवून एकेकट्या शेतकऱ्यावर लादण्याला ‘स्वावलंबन’ म्हणणे ही शुद्ध धूळफेक आहे.

जेथे वारा खरोखर आहे, तेथे चित्र निराळे आहे. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी राहिली. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात पवनऊर्जेसाठी वनजमिनी वळवण्यात आल्या आणि कसणाऱ्या आदिवासींना संघर्षात उतरावे लागले. भांडवलदारांना मात्र यंत्राच्या किमतीवर ८० टक्के घसाऱ्याची करसवलत मिळे. २०१२ साली काढून घेतलेली ही सवलत २०१४ साली पुन्हा बहाल झाली आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर आली. वाऱ्याचा लाभ भांडवलाला, मंद वाऱ्याचा उपदेश शेतकऱ्याला, असा हा न्याय!

श्रमजीवी वर्गाचा विरोध पवनचक्कीला नाही, तिच्यामागील मालकी संबंधांना आहे. कोकण किनाऱ्यावर वा घाटमाथ्यावर, वाऱ्याची वर्षभर मोजणी करून, सूर्यऊर्जेच्या जोडीने छोटी यंत्रे उपयोगी पडू शकतात. पण ती सार्वजनिक खर्चाने, सहकारी मालकीने आणि ग्रामसभेच्या संमतीने उभी राहिली पाहिजेत.

२०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनाने वीज दुरुस्ती विधेयक मागे घेण्याची मागणी केली होती. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने चर्चेचे लेखी आश्वासन दिले आणि ८ ऑगस्ट २०२२ रोजी विधेयक लोकसभेत मांडले. बांधावरची पवनचक्की आणि विजेचे खासगीकरण या एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत. म्हणून फरीदाबाद असो वा साक्री, किसान सभेच्या प्रत्येक शाखेने मागणी एकच लावून धरली पाहिजे: शेतीला दिवसा, पुरेशी आणि परवडणारी सार्वजनिक वीज. ती लढूनच मिळेल. वाऱ्यावर सोडलेल्या शेतकऱ्याला वारा तारणार नाही.