कोंबडीच्या दाण्यातली हळद

तंजावर जिल्ह्यात तमिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने हळद, लसूण, मिरी, जिरे अशा घरगुती वनौषधींचा जनावरांवर व कोंबड्यांवर उपयोग करण्याचे काम रुजवले. भोसल्यांच्या तंजावरशी नाते सांगणाऱ्या महाराष्ट्राने त्याची दखल घ्यावी.

कोंबडीच्या चरबीत असंतृप्त स्निग्धांश जास्त, म्हणून ऑक्सिडीकरणाने ती लवकर खवट होते. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहिलेल्या मांसाचा वास आणि ताटलीत साचलेले गुलाबी पाणी प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. दाण्यातून दिलेला ओव्यातला थायमॉल, हळदीतले करक्युमिन आणि ई जीवनसत्त्व हे ऑक्सिडीकरण मंद करू शकतात. त्यामुळे मांस टिकते, रंगही राहतो. उलट, ओमेगा-3 वाढवायला जवस खाऊ घातला आणि सोबत असा प्रतिऑक्सिडक (ऑक्सिडीकरण रोखणारा घटक) दिला नाही, तर मांसाला उग्र वास येतो.

युरोपीय संघाने जनावरांच्या वाढीसाठी खाद्यातून दिली जाणारी प्रतिजैविके 2006 पासून बंद केली. आपण जुलै 2019 मध्ये पशुखाद्यातल्या कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली. ती पोकळी वनौषधींनी भरावी, हे ठीकच. पण 'नैसर्गिक' म्हणजे आपोआप निर्भेळ नव्हे. हळदीतच शिशाच्या क्रोमेटची भेसळ सापडते. शिवाय मात्रा चुकली, तर पक्षी दाण्याला तोंड लावत नाही. म्हणून खाद्याच्या पोत्यावर घटक आणि प्रमाण छापणे सक्तीचे करा, नमुने तपासा आणि दाव्याला पुरावा मागा. नाहीतर हळद लागेल ती फक्त जाहिरातीला!