विश्लेषण : छतावर सीगलचं घरटं, तरी घरमालक हात का लावू शकत नाही?

ब्रिटनमधल्या अनेक शहरांत उन्हाळा आला की छतावर, धुराड्याच्या आडोशाला सीगलची जोडी घरटं करते आणि खालच्यांची झोप उडते. भल्या पहाटे कर्कश ओरडा, गाडीवर विष्ठा आणि पिल्लू अंगणात पडलं, तर दाराबाहेर येणाऱ्या प्रत्येकावर झडप. तरीही वापरातलं घरटं मोडणं किंवा अंडी काढणं हा तिथे 1981 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे.

'रस्तोरस्ती दिसतात, मग संरक्षण कशाला?' हा प्रश्न तिथेही विचारला जातोच. पण छतांवर सर्रास दिसणारा 'हेरिंग गल' 2009 पासून ब्रिटनच्या लाल यादीत आहे. 2015 ते 2021 दरम्यानच्या समुद्रपक्षी गणनेनुसार, त्याआधीच्या गणनेच्या तुलनेत कडेकपारींवरच्या नैसर्गिक वसाहतींमध्ये त्याची संख्या सुमारे 44 टक्के घटली. म्हणजे समुद्रकिनारी तो संपत चाललाय आणि शहरात डोईजड झालाय.

शहरात तो आला कसा? 1956 च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर कचरा जाळण्यावर बंधनं आली, उघड्या कचराभूमीवर आयतं अन्न मिळू लागलं, असं एक कारण सांगितलं जातं. शिवाय छत म्हणजे कोल्हा पोहोचू न शकणारा कडाच. शहराची ऊब मिळते, ती वेगळीच.

पक्षी हुशारही आहे. ब्रिस्टलमधल्या संशोधकांनी काही सीगलच्या पाठीवर जीपीएस यंत्रं बसवली. शाळेची मधली सुट्टी कधी होते, कचरा केंद्र कधी सुरू होतं, या वेळा पक्ष्यांना बरोबर ठाऊक होत्या! मुंबईत हिवाळ्यात येणाऱ्या सीगलना म्हणजे कुरवांना आपण शेव-गाठ्या टाकतो. ते इथे घरटी करत नाहीत, म्हणून आपल्याला ते गोड वाटतं. छतावर बिऱ्हाड थाटणाऱ्या पक्ष्याला खाऊ घालणं किती महागात पडतं, हे कबुतरांनी दाखवलंच आहे.

मग उपाय काय? इंग्लंडमध्ये 2020 पासून हेरिंग गलविरुद्ध कारवाईसाठी स्वतंत्र परवाना लागतो. तो आरोग्य किंवा सुरक्षेला धोका असेल तर मिळू शकतो. नुसत्या आवाजाच्या तक्रारीवर नाही. माझ्या मते हे कडक असलं तरी योग्य आहे. मात्र याचा भार एकट्या घरमालकावर पडतो, हेही खरं. जाळी बसवायची तर हिवाळ्यात, पक्षी येण्याआधी. तीही सैल राहिली तर पक्षी अडकून मरतात. त्यातच जोडी वर्षानुवर्षं त्याच जागी परतते, आणि आपल्या छतावरून हटली तर शेजाऱ्याच्या छतावर जाते. त्यामुळे झाकणबंद कचरापेट्या गल्लीतल्या सगळ्यांनीच वापरल्या, तरच फरक पडतो.

एक्सेटर विद्यापीठाच्या 2019 मधल्या अभ्यासात आणखी एक गंमत कळली : रोखून पाहिलं की सीगल खाण्याजवळ यायला जास्त वेळ लावतो. पिल्लू अंगणात असेल तेव्हा मात्र डोळे वटारून भागत नाही. तिथे लोक छत्री उघडून घराबाहेर पडतात.