फुकटाच्या पाटीखालचे बारीक अक्षर

डोंबिवलीहून रोज पहाटेची लोकल पकडणाऱ्या एका भगिनीने परवा आम्हाला विचारले, "भाऊ, ॲप फुकटचे होते, मग पैसे कशाचे कापले?" मुलीच्या दहावीसाठी त्यांनी ते घेतले होते. जाहिरातीत सगळे धडे, सगळे सराव पेपर दिसत होते. आठवडाभर चालले आणि मग दरमहा तीनशे रुपये जाऊ लागले. ॲप काढून टाकले, तरी पैसे जातच राहिले. मुलगी रडत होती, "माझ्यामुळे गेले."

चूक मुलीची नव्हे. ॲपच्या दुकानांनाही नियम आहेत. ॲपलचा नियम असा, की जाहिरातीत वा चित्रात दाखवलेल्या गोष्टीला वेगळे पैसे पडणार असतील, तर तसे स्पष्ट कळले पाहिजे. २०१४ साली ॲपलने बटणावरचा 'फ्री' शब्द काढून 'गेट' लिहिला. गूगलच्या प्ले स्टोअरवर अशा ॲपपाशी 'इन-ॲप पर्चेसेस' असे बारीक अक्षरात असते. त्याचा अर्थ एवढाच, की आत गेल्यावर पैसे मागतील.

आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. तेरा क्लृप्त्यांची यादीच दिली. त्यातले एक उदाहरण आपल्या भगिनीच्या गोष्टीसारखेच आहे : 'बुद्धिबळ फुकट खेळा' अशी जाहिरात करायची आणि सात दिवसांनी पैसे मागायचे. फुकटची मुदत आधी सांगितली नाही, तर ती मनाई केलेली क्लृप्ती ठरते.

तेव्हा आपण काय करावे? नुसते ॲप काढून भागत नाही. प्ले स्टोअरमधील 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन वर्गणी रद्द करावी. यूपीआयवर 'ऑटोपे' चालू असेल, तर तेही बंद करावे. पैसे कापल्याचा संदेश आणि जाहिरातीचे चित्र जपून ठेवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे काम झाले नाही, तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी पडत नाही. रक्कम तीनशेची म्हणून गप्प बसू नये. घामाचा पैसा थोडा असला, तरी तो आपलाच असतो.

त्या भगिनीने मुलीला शेजारी बसवले. मुलीने एकेक ओळ वाचली, आईने बटण दाबले आणि वर्गणी बंद झाली. निघताना आई म्हणाली, "आता आधी वाचायचं आणि मगच बोट लावायचं." आम्हीही वाचकांना हेच सांगतो.