परिचारिकेचे शिक्षण कोणाच्या खर्चाने?

रायपूरचे शंकर नगर ही सुखवस्तूंची वस्ती समजली जाते. परंतु तेथेही भाड्याच्या एका खोलीत नर्सिंगच्या तीन विद्यार्थिनी दाटीने राहतात. त्यांतील एक बस्तरच्या शेतमजुराची मुलगी. कर्करोग झालेल्या लहान मुलांची शुश्रूषा करावी, ही तिची मनापासूनची इच्छा. ‘मग ते शिक्षण घेणार ना?’ असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘आधी फीचे कर्ज फेडायचे. बिनपगारी एक वर्ष घरचे कसे काढतील?’

हा एका मुलीच्या अडचणीचा प्रश्न नाही. आरोग्यसेवेचा भार कोणी वाहावयाचा, हा त्यातील खरा प्रश्न आहे.

कर्करोगाचे औषध देणे म्हणजे सलाईन लावणे नव्हे. काही औषधे शिरेबाहेर गळाली तर तेथील मांस मरते. व्हिन्क्रिस्टीन हे औषध केवळ शिरेतूनच द्यावयाचे असते. ते चुकून पाठीच्या कण्यात टोचले गेले तर मूल बहुधा वाचत नाही. पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला रात्री ताप आला, तर तासाभरात प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. डॉक्टर फेरी मारून जातात. रात्र परिचारिकेची असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कर्करोगग्रस्त मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर अनेक गरीब देशांत ३० टक्केही होत नाहीत. २०३० पर्यंत हे प्रमाण सर्वत्र किमान ६० टक्के व्हावे, असे उद्दिष्ट तिने २०१८ साली ठरविले. उशिरा होणारे निदान, अर्ध्यावर सुटणारे उपचार आणि प्रशिक्षित हातांची वाण, ही या तफावतीची मोठी कारणे होत.

रायपूरच्या मेकाहारात, म्हणजे डॉ. आंबेडकर रुग्णालयात, प्रादेशिक कर्करोग केंद्र आहे. तेथे येणाऱ्या आदिवासी मातेला, मूल बरे दिसू लागले तरी औषध का सोडू नये, हे तिच्या गोंडीत किंवा आपल्या मराठीला जवळ असलेल्या हल्बीत कोण सांगणार? अनुवादाचे काम करणाऱ्याला ठाऊक असते की केवळ शब्द पोहोचून भागत नाही, विश्वास पोहोचावा लागतो. तो बस्तरची मुलगीच पोहोचवू शकेल.

भारतीय परिचर्या परिषदेने कर्करोग परिचर्या व नवजात शिशु परिचर्या यांच्या एक वर्षाच्या पदविकांना मान्यता दिलेली आहे. म्हणजे अभ्यासक्रम आहे. नाही ती वर्षभराची भाकरी. शिवाय पदविका घेऊन आलेल्या परिचारिकेची उद्या दुसऱ्याच वॉर्डात बदली झाली, तर तिचे शिक्षण वाया जाते.

दानशूर संस्थांच्या शिष्यवृत्त्या आहेतच, असे कोणी म्हणेल. त्यांचे मोल आपण नाकारत नाही. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात उभारलेल्या सेवासदनाने विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले, ते मोठे काम होते. बालोद जिल्ह्यातील दल्ली राजहरा येथे खाणकामगारांनी १९८३ साली स्वतःच्या श्रमाने शहीद रुग्णालय उभारले आणि कामगारांच्याच घरांतील मुलींना परिचर्या शिकविली. त्या चळवळीच्या मार्गाविषयी मतभेद असतील. पण कष्टकऱ्यांच्या मुली हे काम समर्थपणे करतात, हे तिने सिद्ध केले. परंतु दान दात्याच्या मर्जीवर चालते आणि कामगारांच्या वर्गणीला मर्यादा असते. शासनाला ही सबब नाही.

खाजगी रुग्णालयांची शिष्यवृत्ती तर अनेकदा स्वस्त मजुरीची उचल ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार २०१६ साली नेमलेल्या समितीने, ५० हून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयांतही परिचारिकेला किमान २०,००० रुपये मासिक वेतन मिळावे आणि २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत ते राज्य शासनाच्या परिचारिकेइतके असावे, अशी शिफारस केली. ज्या रुग्णालयात ही शिफारस पाळली जात नाही, तेथील शिष्यवृत्तीची परतफेड परिचारिका कमी पगारावर राबून करते.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. सेवेतील परिचारिकेला पदविकेच्या काळात पूर्ण पगारी रजा मिळावी. नव्याने येणाऱ्या विद्यार्थिनीला वेतनाइतके विद्यावेतन मिळावे. फी व वसतिगृहाचा खर्च आगाऊ भरला जावा, वर्ष उलटल्यावर नव्हे. आदिवासी व कष्टकरी कुटुंबांतील मुलींसाठी जागा राखून ठेवाव्यात. आणि शिक्षणानंतर त्याच विभागात मंजूर, कायम पद व विशेष भत्ता मिळावा. शासन विद्यार्थिनीकडून सेवेचे बंधपत्र लिहून घेते, तेव्हा त्याने तिलाही नोकरीचे बंधपत्र लिहून द्यावे.

परिचारिकांच्या संघटनांत, विद्यार्थी व महिला आघाड्यांत काम करणाऱ्या सभासदांनी हा प्रश्न हाती घ्यावा. आपापल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात मुलांच्या आणि कर्करोगाच्या वॉर्डांत विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिका किती आणि त्यांना मंजूर पदे किती, एवढे दोन आकडे प्रथम मागून घ्यावेत. शंकर नगरातील त्या मुलीला कौतुक नको आहे. तिला एक वर्षाचा पगार आणि त्यानंतर कायमची जागा हवी आहे.