आकड्याचे माप

मा. मंत्रिमहोदय, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

सासवडहून एका निवृत्त अव्वल कारकुनाचा अर्ज.

आपल्या टपालात रोज जी अर्जांची रास पडते तिच्यात हा आणखी एक कागद टाकताना मला संकोच वाटतो. कारण उभी हयात महसूल खात्याच्या दफ्तरात घालविल्यामुळे अर्जाचे पुढे काय होते हे मला पुरतेपणी ठाऊक आहे. तथापि हा अर्ज अनुदानाचा नाही, अतिक्रमणाचा नाही, की कुणाच्या बदलीचाही नाही. तो माझ्या रक्तातील एका आकड्याविषयी आहे, आणि तो आकडा ज्या रीतीने कागदावर उतरविला जातो त्या रीतीविषयी आहे.

सात वर्षांपूर्वी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, माझ्या प्रोस्टेट ग्रंथीत कर्करोग निघाला आणि शस्त्रक्रियेने ती ग्रंथी समूळ काढून टाकण्यात आली. शस्त्रक्रियेविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही. पुढले आठ महिने लघवीवर ताबा राहिला नाही, आणि सासवड-स्वारगेट हा ज्या मार्गाने मी हजारदा गेलो असेन त्या मार्गावरील दिवेघाट खरोखर किती लांब आहे, हे त्या आठ महिन्यांत मला प्रथम उमगले. परंतु तेही दिवस सरले. सरले नाही ते मोजणे. पूर्वीच्या दुखण्यांत उपचार संपला की दुखणे संपे; या दुखण्यात उपचार संपतो आणि त्याच्या पाठोपाठ पीएसए नावाच्या एका आकड्याची जी हजेरी सुरू होते, ती पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाने, अशी विरळ होत गेली तरी मनुष्य जिवंत असेतोवर बंद म्हणून होत नाही.

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेले एक प्रथिन आहे. वीर्य पातळ राखणे हे त्याचे निसर्गनियुक्त काम, आणि त्याचा अत्यल्प अंश रक्तात झिरपतो. तो नॅनोग्रॅममध्ये मोजतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. ग्रंथीच काढून टाकली की रक्तातले पीएसए दर दोन-तीन दिवसांनी निम्मे होत जाते आणि दीड-दोन महिन्यांत यंत्राला दिसेनासे होते. तसे ते झाले नाही, किंवा होऊन पुन्हा दिसू लागले, तर कोठेतरी त्या पेशींची वस्ती शिल्लक आहे असे समजावे. शस्त्रक्रिया झालेल्याच्या बाबतीत एक मिलिलिटर रक्तामागे ०.२ नॅनोग्रॅम ही हद्द मानतात, आणि तीसुद्धा एकदा ओलांडून भागत नाही. दुसऱ्या तपासणीने तिला दुजोरा मिळावा लागतो.

हद्दीचा आकडा माझ्या ओळखीचा आहे. खात्यात असताना गावोगावच्या पिकांची पैसेवारी माझ्या टेबलावरून जात असे. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली आली की गाव टंचाईग्रस्त, त्याला महसुलात सूट, मुलांना परीक्षेच्या फीची माफी. आणि एखादा पैसा वर राहिली की त्याच करपलेल्या बाजरीकडे बघत गावाने गप्प बसावयाचे. आमच्या सौभाग्यवतीने हे सारे वर्षानुवर्षे ऐकलेले असल्यामुळे पीएसए हा शब्द तिने कधी उच्चारलाच नाही. रक्त देऊन मी घरी आलो की ती विचारते, "तुमची पैसेवारी कधी येणार?" उपमा तिची आहे, आणि ती मला कोणत्याही डॉक्टरी पुस्तकापेक्षा नेमकी वाटते. फरक एवढाच, की गावाची पैसेवारी आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम अशी जाहीर होते. माझी अंतिम पैसेवारी जाहीर व्हावयाची ती माझ्या पश्चातच.

पैसेवारीच्या कागदावर आकडा कधी एकटा येत नसे. कोणत्या गटात पीककापणी झाली, किती क्षेत्रातले पीक कापले, दाणे किती भरले, पंच कोण होते, हा सगळा तपशील त्याच्या मागे उभा असे, आणि तपशिलावाचून आलेला आकडा आमचे जुने मामलेदारसाहेब, ते स्वभावाने मऊ असूनही, सरळ परत पाठवीत. माझ्या रक्ताच्या अहवालावर यांतले काहीही नसते. नाव असते, वय असते, आकडा असतो आणि खाली कुणाची तरी छापील सही.

याचे फळ मी शस्त्रक्रियेनंतरच्या चौथ्या वर्षी भोगले. तोवरचे माझे सारे अहवाल "०.०३ पेक्षा कमी" असे येत. त्या वर्षी आमच्या गावातले रक्तसंकलनाचे केंद्र बंद पडले, नमुना दुसऱ्या एका प्रयोगशाळेकडे गेला, आणि संध्याकाळी मोबाइलवर अहवाल उमटला तो "०.१ पेक्षा कमी" असा. मी तो "०.१" असा वाचला. छत्तीस वर्षे स्वल्पविराम आणि दशांशचिन्हे तपासण्यात ज्याने डोळे झिजविले, त्या माणसाला आकड्यामागचे ते कोनासारखे इवलेसे चिन्ह दिसू नये, यात दोष माझाच आहे हे मी कबूल करतो. भय मनुष्याला निरक्षर करते. तीनाचे दहा झाले, या हिशेबाने पुढल्या सहा महिन्यांत हद्द ओलांडली जाणार, मग हाडे, मग पाठीचा कणा, असा ताळेबंद मी मनाशी मांडला आणि नऊ रात्री माडीवर येरझारा घातल्या. दहाव्या दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि हसून म्हणाले, "अहो काका, हा आकडाच नाही. इथे यंत्राने हात टेकलेत." पहिल्या प्रयोगशाळेच्या यंत्राला ०.०३ पर्यंतचे दिसत होते, दुसरीच्या यंत्राची नजर ०.१ पाशीच थांबत होती. रक्तात तिळमात्र बदल नव्हता. ही एक ओळ अहवालावर छापली असती तर त्या नऊ रात्री आम्ही उभयता झोपलो असतो. उभयता म्हणतो, कारण माझ्या येरझाऱ्या ती अंथरुणात पडून मोजीत होती, हे तिने मला पुढे कधीतरी सांगितले.

माझे निभावले. माझ्या एका शिक्षक स्नेह्यांचे थोडक्यात निभावले. त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली नव्हती, किरणोपचार झाले होते. त्यांत ग्रंथी जागेवरच राहते, आणि आकडा शून्याला न जाता वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ सावकाश उतरत एका तळाशी स्थिरावतो. त्यांचा तळ ०.६ होता. दीड वर्षाने तो एकाएकी १.५ झाला. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची ०.२ ची हद्द या किरणोपचाराच्या रोग्याला लावली, सातपटीहून अधिक वाढ झाली असा निष्कर्ष काढला आणि वृषणे काढून टाकण्याचा सल्ला दिला. पुरुषसंप्रेरकाचा पुरवठा तोडला की हा रोग मागे हटतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखविले आणि त्याबद्दल १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा तो उपाय खोटा नव्हे, पण तो ज्या घडीला करावयाचा ती घडी आली नव्हती. किरणोपचाराच्या रोग्यासाठी हद्द निराळी आहे. अमेरिकेतील फीनिक्स येथे २००५ साली तज्ज्ञांनी एकत्र बसून ती ठरविली: गाठलेल्या तळाच्या वर पूर्ण दोन. गुरुजींची हद्द त्या हिशेबाने २.६ होते. शिवाय किरणोपचारानंतर आकडा मध्येच उसळी घेऊन आपोआप खाली बसतो, हेही या विषयातल्या जाणत्यांना पाठ असते. पुण्याच्या किरणतज्ज्ञांनी तीन महिने थांबावयास सांगितले. तीन महिन्यांनी आकडा ०.५ आला. गुरुजी आता पुन्हा सकाळी कऱ्हेच्या पुलापर्यंत फिरावयास येतात आणि या विषयावर अवाक्षर बोलत नाहीत.

महोदय, या चाचणीविषयी वर्तमानपत्रांतून जो वाद चालतो तो धडधाकट पुरुषांची सरसकट तपासणी करावी की करू नये याविषयीचा असतो, आणि त्यात आम्हा उपचार झालेल्यांना कोणी विचारीत नाही. हा मला इतिहासाचा विपर्यास वाटतो. कारण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८६ साली या चाचणीला प्रथम परवानगी दिली ती उपचार झालेल्या रोग्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. निदानाला साहाय्य म्हणून तिचा वापर करण्यास मान्यता मिळाली ती आठ वर्षांनंतर, १९९४ मध्ये. प्रोस्टेटमधील प्रतिजनाचा शोध १९७० साली प्रसिद्ध करणारे रिचर्ड ॲब्लिन यांनी पुढे २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सरसकट तपासणीवर जहाल टीका केली, परंतु उपचारानंतर भराभर चढणारा आकडा रोगाच्या पुनरागमनाची वर्दी देतो, एवढे मात्र त्यांनीही त्याच लेखात मान्य केले. ही चाचणी मुळात आमची आहे. दुसऱ्यांच्या भांडणात ती आमच्याकडून हिरावली जाऊ नये.

शिवाय आकडा चढला म्हणजे मनुष्य संपला असेही नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने शस्त्रक्रिया झालेल्या १,९९७ पुरुषांचा वृत्तान्त १९९९ साली प्रसिद्ध केला. त्यांत ज्यांचा पीएसए पुन्हा दिसू लागला त्यांच्या बाबतीत तेव्हापासून रोग दूरच्या अवयवांत आढळेपर्यंतचा मध्यम काळ आठ वर्षांचा निघाला. आठ वर्षांत नातू शाळेतून कॉलेजात जातो. पण काहींचा आकडा वर्षावर्षाने दुप्पट होतो आणि काहींचा दोन-तीन महिन्यांत. आणि शस्त्रक्रियेनंतर किरण द्यावयाचे असतील तर आकडा अर्ध्या नॅनोग्रॅमच्या आत असतानाच दिलेले बरे, असा आजचा संकेत आहे. म्हणजे उतावीळ झाल्याने नुकसान, दिरंगाई झाल्यानेही नुकसान. रोग शरीरात कोठे आहे हे शोधणारी नवी पीएसएमए पेट तपासणी मोठ्या शहरांत मिळते खरी, परंतु आकडा फार लहान असताना तिच्यात पुष्कळदा काहीच दिसत नाही. निर्णय त्या चिमुकल्या दशांशावर आणि त्याच्या चालीवरच घ्यावा लागतो. ज्या आकड्याची चाल पाहावयाची, तो प्रत्येक वेळी निराळ्या मापाने मोजला गेला तर चाल दिसणार कशी?

सातबाऱ्यावरची एकर-गुंठ्यांची क्षेत्रे हेक्टर-आरमध्ये बदलली तेव्हाची गोष्ट आमचे जुने सहकारी सांगत. अडीच एकरांचा मालक कागदावर "१ हेक्टर १ आर" वाचून दीड एकर जमीन कुणी गिळली म्हणून कचेरीत बोंब मारीत येई, आणि त्याला साखळी काढून दाखवीपर्यंत त्याचे समाधान होत नसे. त्याचे निदान मापाचे नाव तरी कागदावर लिहिलेले असे. पीएसएचीही दोन मापे जगात चालतात. एक हायब्रिटेक नावाचे जुने प्रमाण आणि दुसरे जागतिक आरोग्य संघटनेचे. तेच रक्त दुसऱ्या मापाने मोजले तर आकडा सुमारे पाचव्या हिश्शाने कमी भरतो. कोणते माप लावले हे आजवर माझ्या एकाही अहवालाने मला सांगितलेले नाही. आणखी एक किरकोळ पण अनुभवाची बाब: सूनबाईने प्रेमाने आणून दिलेल्या केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन असते, आणि काही यंत्रांत ते पीएसएचा आकडा खोटाच कमी दाखविते. रक्त घेणाऱ्याने मला उपाशी आहात का एवढे विचारले. गोळ्यांविषयी अद्याप कोणी विचारलेले नाही.

तेव्हा माझी मागणी नव्या इमारतीची नाही, नव्या यंत्राचीही नाही. आपल्या विभागाच्या अखत्यारीतील प्रत्येक प्रयोगशाळेने, आणि आपला शब्द जेथवर चालतो तेथवर खाजगी प्रयोगशाळांनीही, पीएसएच्या आकड्याशेजारी यंत्राचे नाव, मापाचे नाव आणि त्या यंत्राला कमीत कमी किती दिसते तो आकडा छापावा. आणि यंत्र बदलले तर त्यानंतरच्या पहिल्या अहवालावर तसा शेरा मारावा. शाईचा खर्च सोडला तर याला खर्च नाही. दुसरे असे, की आपल्याच विभागाकडून गरोदर स्त्रीला माता व बाल संरक्षण कार्ड मिळते, आणि ते ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाळंतपणापर्यंत आणि पुढे लसीकरणापर्यंत जपते. तसे एक पुठ्ठ्याचे कार्ड आम्हां म्हाताऱ्यांना द्यावे. उपचार शस्त्रक्रियेचा की किरणांचा हे त्याच्या माथ्यावर ठळक लिहिलेले असावे, म्हणजे गुरुजींवर आला तसा प्रसंग दुसऱ्या कुणावर येणार नाही. आणि खाली तारीख, आकडा, माप, यंत्र असे चार रकाने. पुरुषांची जात या आजाराविषयी बायकोशीही धड बोलत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरापुढे पायजम्याची नाडी चाळवीत उभ्या असलेल्या माणसाच्या वतीने ते कार्ड बोलेल.

आपल्या विभागाला शासन निर्णयाचा मसुदा हवा असेल तर तो तयार करून पाठविण्याची माझी सिद्धता आहे. असे मसुदे मी पुष्कळ लिहिले आहेत. माझा पुढील नमुना १४ डिसेंबरला द्यावयाचा आहे. कार्ड मी घरीच आखून घेतले असून मागील सर्व अहवालांवरून तारखेचे आणि आकड्याचे रकाने भरून काढले आहेत. मापाचा आणि यंत्राचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत रिकामा आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त अव्वल कारकून