गृहविज्ञान : प्लॅस्टिकची नाडीपरीक्षा

मडकें वाजवून घ्यावें, सोनें कसोटीवर घांसून घ्यावें, हा आपल्या वाडवडिलांचा परिपाठ. परंतु महाड-पोलादपूरच्या बाजारांत आज प्लॅस्टिकच्या बादल्या मांडलेल्या असतात, त्या वाजवून कांहींच कळत नाहीं. एकाच रंगाच्या व एकाच घाटाच्या दोन बादल्यांपैकीं एक वर्षानुवर्षें टिकते, दुसरी लवकरच कडेला तडकते, याचें कारण काय?

कारण बहुधा त्यांच्या रेणूंत असतें. प्लॅस्टिकचा रेणु म्हणजे सहस्रावधि दुव्यांची सांखळी. शिजलेल्या शेवया डोळ्यांपुढें आणा. लांब शेवया एकमेकींत गुंततात. तुकडे झालेल्या सहज ओघळतात. तसेंच लांब सांखळ्यांचें प्लॅस्टिक चिवट, पण वितळल्यावर संथ वाहणारें. आंखूड सांखळ्यांचें पातळ वाहणारें, पण ठिसूळ. सांखळ्यांची सरासरी लांबी दुप्पट झाली, तर संथ प्रवाहांतील दाटपणा सुमारें दसपट होतो!

म्हणून कारखान्यांत प्लॅस्टिकची परीक्षा त्याला वाहावयास लावूनच करतात. पॉलिथिनचे दाणे १९० अंश सेंटिग्रेडवर वितळवून, त्यांवर २.१६ किलोग्रॅम वजन ठेवून, सुमारें २ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रांतून १० मिनिटांत किती ग्रॅम रस पडतो, तें तोलतात. परंतु एवढ्यानें सांखळ्या सारख्या आहेत कीं लांब-आंखूडांची मिसळ आहे, हें कळत नाहीं. त्यासाठीं वजन दसपट करून पुन्हा मोजतात. मिसळ जितकी अधिक, तितका जोर वाढतांच रस अधिक मोकळा वाहतो. अशा एका आंकड्यावरून त्या जातीच्या प्लॅस्टिकचा संपूर्ण प्रवाहलेख काढण्याची रीत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील शेणॉय, चट्टोपाध्याय व नाडकर्णी यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केली. महाग यंत्रें नसलेल्या लहान कारखानदारास ही मोठीच सोय होय.

आतां आपल्या घरचा प्रश्न. पॉलिप्रॉपिलीन पुनःपुन्हा वितळविलें म्हणजे सांखळ्या तुटतात, रस पातळ होतो व वस्तु ठिसूळ बनते. मोजमाप करून त्यांत नवा माल योग्य प्रमाणांत घातला, तर जुनें प्लॅस्टिकही कामास येतें. मात्र निरनिराळ्या जाती एकत्र झाल्या, तर त्या नीट एकजीव होत नाहींत. पुष्कळ वस्तूंच्या बुडाशीं त्रिकोणांत आंकडा असतो : २ म्हणजे घट्ट पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. गृहिणींनीं व गृहस्थांनींही तो पाहून जुन्या वस्तु धुऊन निरनिराळ्या ठेवाव्या. त्या निराळ्या झाल्या तरच प्रयोगशाळेच्या परीक्षेस अर्थ आहे. एरवीं तेंच प्लॅस्टिक पहिल्या पुराबरोबर सावित्रीच्या पात्रांत जावयाचें.